परवाना बदललेली विदा (डेटा) व्यवसायात वापरताना

सोलापुरातील चादर आणि टॉवेलच्या कारखान्यांचे नकाशे छापून ते व्यापाऱ्यांना विकण्याचा तुमचा विचार मला मनापासून आवडला. मात्र ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या खुल्या नकाशा-विदेची जी जुनी प्रत तुम्ही वापरणार आहात, तिची तारीख आधी तपासा. १२ सप्टेंबर २०१२ रोजी या प्रकल्पाने क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सर्जनशील कृती खुल्या वाटण्याचा) परवाना सोडून ओपन डेटाबेस परवाना (खास विदासंचांसाठीचा) स्वीकारला. त्यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या प्रतीला जुन्याच अटी लागू राहतात, कारण अटी पाळणाऱ्याकडून तो परवाना काढून घेता येत नाही.

व्यावसायिक वापराला दोन्ही परवाने मुभा देतात. खरा फरक पुढे आहे: जुन्या परवान्यानुसार तुम्ही घडवलेला नकाशाच त्याच अटींवर खुला ठेवावा लागतो, तर नव्यानुसार छापील नकाशा श्रेयनिर्देश करून स्वतःच्या अटींवर विकता येतो, पण त्यामागे तुम्ही सुधारलेला विदासंच (डेटाबेस) त्याच परवान्याखाली उपलब्ध करून द्यावा लागतो. म्हणून दोन्ही काळांतील विदा एकत्र मिसळू नका, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही विदासंचाचा समावेश साहित्यकृतीत होतो, त्यामुळे हा प्रश्न केवळ परदेशातला नाही. विदा उतरवून (डाउनलोड करून) घेतल्याची तारीख आणि त्या दिवशीचा परवान्याचा मजकूर जपून ठेवा, आणि छपाईपूर्वी वकिलांना दाखवा.