‘प्रेव्हन्यू’ने केलेला घात

ताई, ‘ले ब्लेसे ओं एते एव्हाक्युए’ या फ्रेंच वाक्यात ‘ब्लेसे’ला क्रियापद धरून तुम्ही अडलात हे वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. ‘ब्लेसे’ हे धातुसाधित, म्हणजे आपल्या ‘दमलेला’सारखं क्रियापदापासून बनलेलं रूप; पण इथे ते नाम आहे: जखमी माणसं. क्रिया पुढे आहे, जखमींना हलवलं. शब्दाआधी ‘ले’ हे इंग्रजी ‘the’सारखं उपपद दिसलं (‘ल’, ‘ला’, ‘अं’ ही त्याचीच भावंडं) की निकाल बहुतेक तिथेच लागतो.

ही रूपं लिंग-वचनाप्रमाणे बदलतात, ते सांगत बसत नाही. ‘दमलेला, दमलेली, दमलेले’ रोज म्हणणाऱ्याला ते काय शिकवायचं! विशेषण असेपर्यंत अर्थही सहसा दगा देत नाही. ‘पोर्त फेर्मे’ म्हणजे बंद केलेलं दार.

घात होतो नामात. ‘मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी’ म्हणताना मेलेला हा मेलेलाच राहतो. फ्रेंचमध्ये मात्र नाम झालं की शब्द कधी कधी वेगळी चूल मांडतो. विशेषण म्हणून ‘मारिये’ म्हणजे विवाहित. पण ‘ला मारिये’ म्हणजे नवरी, बोहल्यावर उभी असलेली. ‘रस्यू’ म्हणजे मिळालेला, आणि ‘अं रस्यू’ म्हणजे पावती.

मी बुडालो ते ‘ल प्रेव्हन्यू’मुळे. न्यायालयाच्या निकालपत्राचं भाषांतर होतं. ‘प्रेव्हनीर’ म्हणजे आगाऊ कळवणं, म्हणून चौदाही पानांत मी ‘पूर्वसूचना दिलेली व्यक्ती’ लिहीत गेलो. तो होता आरोपी! त्यातही मधल्या दर्जाच्या गुन्ह्याचा. खून-दरोड्यासारख्या गंभीर खटल्यात त्यालाच ‘आक्युझे’ म्हणतात. तपासाच्या टप्प्यावर पूर्वी ‘अँक्युल्पे’ म्हणत, 1993च्या कायद्याने त्याचं ‘मी-झाँ-नेग्झामँ’ केलं. सगळी धातुसाधितंच, आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

काम देणाऱ्या संस्थेने निम्मे पैसे कापले. त्याचं दुःख कमी आहे. चूक कुठली, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. चार मेल केले, चारही वेळा ‘दर्जा अपेक्षेप्रमाणे नाही’ एवढंच. एका शब्दाखाली रेघ मारायला किती वेळ लागतो हो? आठ महिने मी माझी वाक्यरचना सुधारत बसलो. शब्द सापडला तो दुसऱ्याच कागदात.

म्हणून माझं ठाम मत: आधी उपपद दिसलं की क्रियापद कितीही ओळखीचं असो, कोशात नामाची नोंद वेगळी उघडा. शिक्षक म्हणतील संदर्भावरून कळतं. मला नाही कळलं. मी वकील नाही, तेव्हा कायद्याचा कागद असेल तर जाणकाराच्या नजरेखालून घालाच. आणि फ्रेंच वृत्तपत्रांतल्या कोर्टाच्या छोट्या बातम्या वाचत जा. ‘प्रेव्हन्यू’ आणि ‘देतन्यू’, म्हणजे कैदी, तिथे सारखे भेटतात.