आवाज चिरकेल म्हणून गप्प बसणारे तात्या

श्रावण लागला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "मंडळात बसायचंय, पण माझा आवाज चांगला नाही. लोक हसतील. जाऊ की नको?" विचारणाऱ्यांत फुगडीच्या गटात नव्याने आलेल्या सुना असतात, आवाज फुटायच्या वयातली मुलं असतात आणि मुंबईहून निवृत्त होऊन गावी परतलेले चाकरमानीही असतात. अशाच एका चाकरमान्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत.

तात्या देवगड तालुक्यातले. नोकरीची सगळी वर्षं लालबागच्या चाळीत गेली. तिथल्या भजनी मंडळात ते चकी, म्हणजे हातात धरायचं तालवाद्य, वाजवायचे. गावी आले तेव्हा वाडीच्या मंडळात चकी तरण्या पोरांच्या हातात होती, म्हणून बुवांनी मानाने सांगितलं, "तात्यानु, तुमी कोरसात बसा." तिथूनच त्रास सुरू झाला. गजर चढला की छातीत धडधड, तळहातांना घाम, घसा आवळलेला. ओठ हलायचे, आवाज निघायचा नाही. मग गुडघ्याचं निमित्त झालं आणि तालमीला जाणं थांबलं. काकीच त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. "घरात एकटे असले काय अभंग म्हणतत. कोण इलो काय गप."

धडधडीसाठी ते डॉक्टरांकडे जाऊन आले होते, ईसीजी ठीक होता. आवाज सतत घोगरा राहतो का, हे मी विचारलंच. तीन आठवड्यांहून जास्त घोगरेपणा टिकला तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं, समुपदेशन नंतर. तसं काही नव्हतं. बँकेत, लग्नात, चार माणसांत बोलायची भीतीही नव्हती. ती असती तर आमची वाट वेगळी झाली असती.

"कधी कोणी हसलं होतं का?" असं विचारल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग चाळीतली एक रात्र निघाली. गजराच्या टोकाला आवाज चिरकला, मागची पोरं हसली, आणि पुढच्या भजनाला तात्यांनी चकी मागून घेतली. "हातात चकी असली काय कोण गावक सांगणा नाय," ते म्हणाले. इतकी वर्षं ते उत्तम चकी वाजवत होते आणि तिच्याआड लपतही होते.

भीती टिकते ती अशीच. ओठ हलवून रात्र निभावली की कोणी हसत नाही. मनाला वाटतं, गप्प राहिलो म्हणून वाचलो. आवाज काढला असता तर काय झालं असतं, हे कळायची वेळच येत नाही. म्हणून "आधी आवाज सुधारा, मग मंडळात जा" असं मी कुणालाही सांगत नाही. आणि "त्यात घाबरायचं काय?" हे घरच्यांचं वाक्य तर नकोच. त्याने भीती जात नाही, भीतीची लाज तेवढी वाढते.

तात्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती मनाची नव्हतीच. बुवा, म्हणजे मंडळाचे मुख्य गायक, तिशीतले, पेटीच्या काळी चार या उंच पट्टीत गाणारे. त्या पट्टीतला गजर तार सप्तकात गेला की साठी ओलांडलेल्या माणसाचा आवाज ताणला जाणारच. वयाने श्वासाचा साठा कमी होतो, स्वरतंतूही पूर्वीसारखे राहत नाहीत. त्यात भीतीने श्वास वरवरचा झाला, घशाचे स्नायू आखडले, की आवाज नेमका तिथेच फाटतो. मी म्हटलं, "काका, गजर खालच्या सप्तकात म्हणा. कोरसात तो आवाजही लागतो." हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

मग पायऱ्या ठरवल्या. आधी काकींसमोर एक अभंग. मग तालमीत फक्त ध्रुवपद, पण खरोखर आवाज काढून. मग देवळातल्या भजनी सप्ताहात वाडीची रात्रीची पाळी, जेव्हा ऐकायला माणसं कमी असतात. प्रत्येक वेळी आवाज काढण्याआधी श्वास पूर्ण सोडायचा आणि कान पखवाजाकडे ठेवायचे. स्वतःच्या गळ्यावर पहारा ठेवला की सूर लागत नाही. तालमीचं मोबाइलवर ध्वनिमुद्रणही करून आणायला सांगितलं. आम्ही दोघांनी ते ऐकलं. तात्यांना स्वतःचा आवाज त्यात शोधूनही सापडेना.

एवढी खटपट कशासाठी, आवडत नसेल तर सोडून द्यावं, असंही कुणी म्हणेल. पण तात्यांना आवडत होतं, आणि गावात परतलेल्या माणसाला परत गावचा करून घेणाऱ्या जागा फार नसतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रौढांच्या नव्या वर्गांची सात महिने पाहणी केली, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. अखेरीस सगळ्याच वर्गांत माणसं जवळ आली, पण गाणाऱ्यांत ती जवळीक सगळ्यांत लवकर झाली. गणपतीत रात्री घरोघर भजन करत फिरणाऱ्या वाडीला यात नवल वाटणार नाही.

त्या गणपतीत तात्या वाडीबरोबर शेवटच्या घरापर्यंत फिरले. एका घरी आवाज चिरकलाच. एक मुलगा हसलाही. पुढच्या भेटीत मी विचारलं, मग काय केलंत? "पोरगो हसलो. पुढचो गजर चालू झालो, मी पण म्हटलंय."

धडधड अजून होते, पहिल्या गजरापर्यंत. मंडळात एकट्याने अभंग म्हणायला ते तयार नाहीत आणि मी तसा आग्रहही धरलेला नाही. मंडळात नव्याने बसू पाहणाऱ्यांना एवढंच सांगेन, की थेट चतुर्थीच्या रात्री जाऊ नका. श्रावणातल्या तालमीला जा, आणि बुवांना पहिल्याच दिवशी पट्टी विचारून घ्या.