गाडी उचलत नाही? आधी सांगा, नेमकी केव्हा

प्रश्न (सुदामानगर, इंदूर): पेट्रोल हॅचबॅक, ७०,००० किमी. पिकअप गेलाय. गॅरेजवाले म्हणतात, थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारी झडप) आणि इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) साफ करून घ्या. करू का?

थांबा. मोकळ्या सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० ला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा झटकन चढला आणि वेग मागे रेंगाळला, तर क्लच घसरतोय. जळकट वास आला तर शंकाच नको. मग क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदमच बदला. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा कशाला?

काटा आणि वेग दोन्ही सोबत, पण आळसटल्यासारखे चढत असतील तर एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा; उजेड आरपार येत नसेल तर बदला. नंतर स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारे) काढून पाहा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ओलं तेलकट टोक म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय. गॅप (टोकाशी ठिणगी पडते ती फट) बहुतेक गाड्यांत ०.८ ते १.१ मिमी, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. गॅप झिजून वाढला की आयडलिंगला (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना) गाडी शहाण्यासारखी वागते आणि जोर मागितला की झटके देते, कारण भरलेल्या सिलिंडरमध्ये ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं. नवे प्लग थंड इंजिनमध्ये, आधी हातानेच फिरवून बसवा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की प्लगपेक्षा कितीतरी महाग पडतात.

थ्रॉटल साफ केल्याने आयडलिंग सुधारतं, सिग्नलला गाडी बंद पडत असेल तर तेही थांबतं. पण अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर झडप उघडीच असते. कडेच्या कार्बनने तिथे फारसं काही अडत नाही.

आणखी एक, फुकटातलं: ब्रेक कमीत कमी वापरत ८-१० किमी चालवा आणि चारही रिमांजवळ हात न्या (डिस्कला लावू नका). एकच चाक तापलेलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय.

प्रश्न (रामबाग): १००० सीसीची गाडी, एसी लावला की बसते.

बसणारच. ६५ हॉर्सपॉवर हा आकडा साडेपाच हजार आरपीएमच्या आसपासचा. १५०० ला तेच इंजिन जेमतेम १७-१८ देतं. त्यातले तीन-चार कॉम्प्रेसरने घेतले, की उरलं किती? एक गिअर खाली घ्या, २००० च्या वर ठेवा. कंडेन्सर (एसीची पुढची जाळी) धुळीने माखला असेल तर कॉम्प्रेसरला आणखी जोर लागतो. साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुवा.

प्रश्न (तिलकनगर): सीएनजीवर गाडी मऊ वाटते. दोष आहे का?

थोडा मऊपणा मूळचाच. वॅगनआरचं १ लिटर इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस (साधारण हॉर्सपॉवरच) देतं, सीएनजी मॉडेलमध्ये ५७; गॅस इंजिनच्या सिलिंडरमधली हवेची जागा खातो, शिवाय टाकीचं वजन. पण झटके मात्र मूळचे नाहीत. पेट्रोलवर टाकून पाहा. तिथेही झटके असतील तर प्लग किंवा कॉइल (प्लगला व्होल्टेज देणारी). फक्त गॅसवर असतील तर आधी गॅसचा फिल्टर बघायला सांगा, तरीही प्लग विसरू नका: गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग गॅसवरच आधी उघडा पडतो.

प्रश्न (लोकमान्यनगर): ओंकारेश्वरहून परतताना पाच जण असले की भेरूघाटात गाडी दम टाकते. एकटा असलो की मस्त चढते.

हिशेब करा. गाडी ९०० किलो, तुम्ही ६५: झाले ९६५. आणखी चौघे आणि डिकीतलं सामान धरून १,२७५. इंजिन तेवढंच, म्हणजे सपाटीवरसुद्धा वेग पकडण्यात पाव हिस्सा कमी. चढावर हे आणखी जाणवतं.

चूक बहुधा गिअरची आहे. तिसऱ्यात १५०० आरपीएमला अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला की इंजिन खटखटतं, मग कॉम्प्युटर ठिणगी उशिरा पाडतो आणि उरलासुरला जोरही जातो. चढ लागायच्या आधीच दुसरा टाका, ३००० च्या आसपास राहू द्या. आवाजाला घाबरू नका, टेंपरेचरच्या काट्यावर मात्र नजर ठेवा. टायरमध्ये हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर फुल लोडसाठी दिली आहे तेवढी, आणि ती निघायच्या आधी, थंड टायरमध्ये भरा.