पानाची डावी बाजू

ताई,
मी ६२ वर्षांची, हे ६६. राहतो ठाण्यात, वसंत विहारला. निवृत्त झाल्यापासून यांच्या डोक्यात कॅराव्हॅनचं खूळ शिरलंय. लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून मुलीने हौसेने सहा दिवसांसाठी एक भाड्याची गाडी घेऊन दिली. पहिल्याच सकाळी सोसायटीच्या गेटात ती वॉचमनच्या केबिनला घासली. माणगावला मी चहा घ्यायला उतरले, दोन कप घेऊन दाराशी उभी होते, तर हे मला तिथेच टाकून निघाले. मोर्ब्याला पोचल्यावर कळलं की मागे कोणीच नाही! दिवेआगरला एका वाडीचा गडगा पाडला, त्याचे तीन हजार भरले. बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवताना आरसा तुटला. हर्णैला चाकं वाळूत रुतली, ट्रॅक्टर आणावा लागला. टॉयलेटची टाकी सांडली ती मी निस्तरली, आणि डोक्याला शाम्पू फासलेला असताना पाणी संपलं. ३४ वर्षं गाडी चालवतायत, कधी एक ओरखडा नाही, आणि आता हे. घरातही कशात लक्ष नाही. बीपीची गोळी आठवली तर घेतात. मी केलेली चटणी-कोशिंबीर पानात तशीच टाकून उठतात, विचारलं तर वर म्हणतात, ‘वाढलीच कुठे होतीस?’ मुलं फॅमिली ग्रुपवर हसतात, मीही हसते. पण आता फंडाचे पैसे घालून सेकंडहँड टेम्पो ट्रॅव्हलर घ्यायची आणि तिची कॅराव्हॅन करायची असं चाललंय. जानेवारीत गोकर्ण. या बेफिकीर माणसाला कसं आवरू? फोटो पाठवतेय, तुम्हीही हसा.
– एक वैतागलेली सहप्रवासी

सहप्रवासीबाई,

कोशिंबीर पानात कुठे वाढता?

मी गोकर्णचं विचारलं आणि ही कोशिंबिरीत शिरली, असं म्हणाल. म्हणा. पण तुमच्या एवढ्या लांब पत्रात कामाचं वाक्य ते एकच आहे, आणि ते तुम्ही बीपीची गोळी आणि फॅमिली ग्रुप यांच्यामध्ये चेंगरून टाकलंय.

आपल्याकडे पानाला डावी बाजू असते आणि उजवी बाजू असते. वर मधोमध मीठ, त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. तुम्ही ४० वर्षं त्यांचं पान वाढताय, तुमचा हात आपोआप तिथेच जात असणार. आता मला सांगा, भाजी राहते पानात? आमटी राहते? तसं काही तुम्ही लिहिलेलं नाही, आणि तुमची तक्रारींची यादी बघता, राहिली असती तर लिहिल्याशिवाय तुम्ही सोडलं नसतंत.

आता तेच फोटो पुन्हा काढा, मला हसायला पाठवलेले. पहिल्यात केबिनचा निळा रंग गाडीला पुसला गेलाय, डाव्या अंगाला. दुसऱ्यात गडग्याचे चिरे घरंगळून चाकाशी आलेत, डाव्या चाकाशी. तिसऱ्यात आरसा वायरीला लोंबतोय, तोही डावा. चौथा फोटो कोणी काढला नाही. सरकत्या दाराशी दोन कप घेऊन उभी असलेली बाई, माणगाव. आपल्याकडच्या या गाड्यांचं ते दार असतं कुठल्या बाजूला?

तुमचे ‘हे’ यावर काय म्हणतील ते मी आत्ताच सांगते. ‘एवढी रुंद गाडी, मी बसतो उजवीकडे, डावी बाजू कोणालाही कळत नाही.’ अगदी खरं आहे. पहिल्यांदा मोठी गाडी हातात आली की जो तो डावीकडेच घासतो. पण कोशिंबिरीची वाटी काही सात फूट रुंद नसते हो. ती नाकाखाली वीतभर अंतरावर असते.

बाई, त्या माणसाला डावीकडचं दिसत नसावं.

‘नसावं’ म्हणतेय, कारण मी डॉक्टर नाही. पण इतकं मला माहीत आहे की न दिसणं म्हणजे दर वेळी काळोख नव्हे. डोळ्यांपुढे काळं आलं असतं तर तेच ओरडत आले असते. जिथलं दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं काहीबाही जोडून ठिगळ लावतो, आणि ते इतकं बेमालूम असतं की ज्याचं त्याला कळत नाही. काचबिंदूत असं होतं. (मोतीबिंदू वेगळा, त्यात सगळंच धुरकट होतं.) दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर गुपचूप झिजत जाते आणि मधलं बरेच दिवस स्वच्छ दिसत राहतं. म्हणून ‘परवाच तर नंबर काढला, खालची ओळसुद्धा वाचली’ हे मला सांगू नका. तो तक्ता मधली नजर तपासतो. कडेचं त्यात येत नाही.

दुसरी शक्यता मला जास्त छळतेय. दोन्ही डोळ्यांना डावीकडचं जे जे दिसतं ते पोचतं मेंदूच्या उजव्या भागात. तिथल्या रक्तपुरवठ्यात छोटासा घोटाळा झाला, तर डोळे ठणठणीत असूनही डावीकडचं जग गायब होऊ शकतं. काहींना तर डावीकडे काही आहे याचं भानच उरत नाही. अर्धं पान जेवून उठतात आणि पोट का भरलं नाही म्हणून विचारतात. आणि तुमच्या घरात बीपीची गोळी ‘आठवली तर’!

‘वाढलीच कुठे होतीस?’ तुम्हाला तो टोमणा वाटला. टोमणा नव्हता तो. माणूस तुम्हाला खरं सांगत होता, अगदी सरळ, आणि तुम्ही रुसून वाटी उचलून नेलीत. माणगावला परत आल्यावरही ‘मला वाटलं तू मागे बसलीस’ असंच काहीसं म्हणाले असतील. तुम्ही ते लिहिलेलं नाही. भांडणात समोरच्याची बाजू कोणाच्या लक्षात राहते? तुम्ही दाराशी उभ्या होतात, त्यांनी बघितलं आणि तरी निघाले, असं तुम्ही धरून चाललात. बघितलंच नसेल तर?

३४ वर्षांत एक ओरखडा नाही आणि सहा दिवसांत तीन. माणूस ६६व्या वर्षी एकाएकी बेफिकीर होत नसतो, निदान एकाच बाजूने तरी नाही. हे सगळ्यांत आधी कोणाला कळायला हवं होतं? मुलांचं सोडा, ती लांब आहेत. पान तुम्ही वाढता. आणि तुम्ही काय केलंत, तर लोंबता आरसा ग्रुपवर टाकून खाली हसरे चेहरे लावलेत.

रागावतेय मी, कळतंय मला. त्याला कारण आहे. माझे सासरे पेपर वाचून दाखवायचे तेव्हा मथळ्यातला पहिला शब्द गाळायचे. ‘अहो नाना, अर्धीच बातमी काय सांगता,’ म्हणून आम्ही सगळे हसायचो, चांगलं वर्षभर. त्यांचा डावा हात लागून चहाचा कप कलंडला की सासूबाई धांदरट म्हणायच्या. मग एकदा रस्ता ओलांडताना डावीकडून सायकल येऊन आदळली. सायकल होती म्हणून खुब्यावर भागलं. तुमचे यजमान मात्र चाकामागे बसतात, तेही घोडबंदर रोडवर, जिथे दुचाक्या डावीकडच्या फटीतूनच घुसतात.

पत्रातलं बाकीचं सोडून द्या. टॉयलेटची टाकी पहिल्या खेपेला सगळ्यांकडून सांडते. हर्णैच्या वाळूत रुतलेल्या तुम्ही काही पहिल्या नाही, शेवटच्या तर नाहीच. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण शाम्पू लावण्याआधी टाकीत पाणी किती आहे बघावं, हे कुठल्या धोरणात लिहीत नाहीत. टेम्पो ट्रॅव्हलर, फंडाचे पैसे, गोकर्ण, यावर मी आज एक अक्षर लिहिणार नाही.

उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा. डॉक्टरांना, चष्म्याच्या दुकानात नव्हे. फोनवरच सांगा की डावीकडचं दिसत नाही असा संशय आहे, फील्ड टेस्ट करायची आहे, आणि मिळेल ती पहिली वेळ घ्या. तपासणी साधी असते. एक डोळा झाकून, हनुवटी टेकवून, एका भांड्यासारख्या मशीनमध्ये बघायचं. नजर मधल्या ठिपक्यावर. कडेला कुठेही बारीकसा उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मग दुसरा डोळा. कुठल्या जागचा उजेड लुकलुकूनही बटण दाबलं गेलं नाही त्याचा नकाशाच निघतो. तो बघून डॉक्टर सांगतील की थेंबांवर भागेल, की मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला हवं. घरी कानाजवळ बोटं नाचवून परीक्षा घेत बसू नका, ते मान वळवून पास होतील आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. मात्र यादरम्यान तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, हातापायातला जोर गेला, तर डोळ्यांचे डॉक्टर विसरा. थेट १०८.

गाडीची किल्ली. ‘तुम्ही आता गाडी चालवायची नाही’ असं म्हणालात तर संध्याकाळपर्यंत महाभारत होईल. त्यापेक्षा म्हणा, डॉक्टर तपासताना थेंब घालून बाहुल्या मोठ्या करतात, पुढचे काही तास धूसर दिसतं, गाडी नेऊन काय करायचं? हे खरंच आहे, खोटं बोलावं लागणार नाही. किल्ली पर्समध्ये टाका आणि नकाशा हातात येईपर्यंत तिथेच राहू द्या. रिक्षाने जा. तुम्ही डावीकडे बसा.

डॉक्टर विचारतील, काय त्रास होतो? हे म्हणतील, काही नाही, हिने आणलंय. तेव्हा तुम्ही बोला. गाडीपासून सुरुवात करू नका, गाडीच्या बाबतीत ते वकिली करतील. कोशिंबिरीपासून करा. कधीपासून राहते, रोज राहते की मधूनच, चटणीही राहते का, पोळीचा डावीकडचा तुकडा राहतो का. तेवढं आज रात्री काही न बोलता बघून ठेवा. आणि कीव येऊन वाटी उजवीकडे सरकवू नका, आज वाढायची ती डावीकडेच.