त्या लिंबूसरबतात साखर होती

प्रश्न : ताई, मी 27 वर्षांचा, पुण्यात आयटीत नोकरीला. बाराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस आहे, रोज चार वेळा इन्सुलिन घेतो. घराबाहेर कुणालाच हे ठाऊक नाही. आई म्हणते, लग्न जमेपर्यंत वाच्यता नको. मागच्या महिन्यात मित्रांबरोबर अलिबागला गेलो होतो. कोलातून व्हिस्कीचे तीन लार्ज झाले, जेवण म्हणजे नुसता चखणा. झोपताना साखर 270 दिसली म्हणून सहा युनिट जास्तीचं घेतलं. सकाळी मी घामाने भिजून बरळत होतो म्हणे. मित्राला हँगओव्हर वाटला, त्याने लिंबूसरबत पाजलं. अर्ध्या तासाने मशीनवर साखर 61. आता डिसेंबरात तेच मित्र आणि गोवा. अलिबागचं आईला सांगितलेलं नाही. ती एरवीही म्हणते, दारूचा थेंब नको. तिचं बरोबर आहे का? आणि नाही म्हणायचं तर मित्रांना कारण काय सांगू?
— नाव नको, पुणे

उत्तर : अरे, तुझं पत्र वाचताना मी लिंबूसरबतापाशी थांबले. उतारा म्हणून आपल्याकडे कितीतरी जण नुसतं लिंबू-मीठ पाजतात. तुझ्या मित्राने साखर घातली. सरबत पिऊन अर्ध्या तासाने 61, तर आधी किती असेल?

तुझा हिशेब कुठे चुकला ते आधी बघू. दारूने साखर वाढली असं तू धरलंस. वाढवली ती कोलाने, आणि ती वाढ तासा-दोन तासांची पाहुणी. दारूचं काम उलट चालतं. रात्रभर रक्तात थोडी थोडी साखर सोडत राहायचं काम यकृताचं. काही साठ्यातली, काही नव्याने बनवलेली. दारू आली की यकृत आधी ती निपटायला घेतं आणि नवी साखर बनवणं मागे पडतं. 30 मिलीचा एक पेग निपटायला साधारण तास-दीड तास जातो. तुझे तीन लार्ज म्हणजे असे सहा. तू झोपलास, पण यकृताची पाळी सकाळपर्यंत संपलीच नव्हती. साठा भरेल असं जेवलाही नव्हतास, कारण शेंगदाणे आणि चिकन टिक्का म्हणजे काही भाकरी नव्हे. त्यावर सहा युनिट. साखर उतरू लागली की तुझ्या मित्रांचं शरीर आपलं इन्सुलिन आपोआप आवरतं घेतं. तुला मात्र टोचलेलं परत काढून घेता येत नाही.

आणि साखर उतरल्याची लक्षणं कोणती? घाम, थरथर, अडखळती जीभ, चिडचिड, असंबद्ध बोलणं. तोंडाला वास असेल तर बघणारा काय म्हणणार? "चढलीये, झोपू द्या त्याला."

म्हणून आईशी मी निम्मी सहमत आहे. न पिणं हा तुझ्यासाठी सगळ्यात सोपा मार्ग, यात शंका नाही. पण थेंब नको म्हणणाऱ्या आईनेच आजार लपवायला शिकवलाय, आणि मला विचारशील तर अलिबागच्या खोलीत जास्त धोकादायक ते लपवणंच होतं. फ्रिज नव्हता तेव्हा माझ्या मामांची इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी असायची. सगळ्या वाड्याला माहीत. मामा विनाकारण खेकसायला लागले की शेजारच्या काकू भांडायच्या नाहीत, साखरेची वाटी घेऊन यायच्या. स्थळांचं म्हणशील, तर जी मुलगी तुझ्या शेजारी झोपणार तिला हे लग्नाआधी कळायलाच हवं. आईला हे समजावणं अवघड आहे, मला ठाऊक आहे. तिला भीती वाटते, आणि त्या भीतीला पंधरा वर्षं झालीत.

प्यायचंच ठरवलंस, तर गोव्याला जायच्या आधी तुझ्या डॉक्टरांना अलिबागची रात्र आकड्यांसकट सांग. लाजू नकोस, ते आईला फोन करणार नाहीत. इन्सुलिन किती कमी-जास्त करायचं, किती साखरेवर झोपायचं, हे तुझ्यापुरतं त्यांनीच ठरवायचं. माझ्याकडून एवढंच : आधी भात किंवा भाकरीचं नीट जेवण, मग फार तर एखाद-दुसरा छोटा पेग, साखर नसलेल्या सोड्यातून. प्यायल्यावर झोपताना दिसलेला मोठा आकडा मनाने इन्सुलिन मारून खाली आणायचा नाही. नाच झाला, समुद्रात डुंबणं झालं तर साखर आणखी उतरते. गजर लावून पहाटे तीनला तपास, सकाळी पुन्हा, आणि नाश्ता चुकवू नकोस; हा धोका दुसऱ्या दिवशीही रेंगाळतो, कधी चोवीस तासांपर्यंत. उलट्या होऊ लागल्या तरी एकदा घेतलं की दिवसभर पुरणारं, ते चोवीस तासांचं इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही. इन्सुलिन नसलं की शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून बनणारी आम्लं, म्हणजे कीटोन, वाढून वेगळंच संकट उभं राहतं. उलट्या थांबत नसतील तर थेट हॉस्पिटल.

साखर फार उतरली तर ती चढवायला देतात ते ग्लुकागॉनचं इंजेक्शन जवळ ठेवत असशील तर त्याच्या भरवशावर राहू नकोस. ते यकृतातला साठाच बाहेर काढतं, आणि अशा रात्री साठाच नसतो.

मित्रांना कारण कशाला शोधतोस? खरं सांग, तेही निघायच्या आधी, शुद्धीत : "मला टाइप वन आहे. मी बरळलो किंवा घामाघूम झालो तर चढलीये असं समजू नका, बोट टोचून साखर बघा. 70 च्या खाली असेल आणि मला गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मशीन सापडलं नाही तरी साखर द्या. उठतच नसेन तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा." हे चौघांना सांगायला एक मिनिट पुरतं. मग तू "आज नको" म्हणालास तर कुणी पेग पुढे सरकवणार नाही. सरकवलाच, तर पुढच्या सहलीला तो मित्र नसला तरी चालेल.

सुरुवात सरबतवाल्या मित्रापासून कर. तो त्या सकाळी कशातून वाचवत होता हे त्याला अजून माहीत नाही. आणि त्याने किती चमचे साखर घातली होती, तेही विचारून घे.