‘ऑफशोअर’ वाऱ्याला मराठीत काय म्हणायचं?

म्हापशाच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी आठवीत आहे, दर रविवारी गोव्यातल्या आश्वे किनाऱ्यावर सर्फिंग (बोर्डवर, म्हणजे लांब फळीवर, उभं राहून लाटेवरून घसरत येण्याचा खेळ) शिकायला जाते आणि शाळेच्या हस्तलिखितासाठी त्यावर मराठीत लेख लिहितेय. तिचं वाक्य असं: ‘सकाळी ऑफशोअर होतं म्हणून लाटा क्लीन होत्या, दहानंतर ऑनशोअर झालं आणि सगळं मशी झालं, त्यात एकाने माझ्यावर ड्रॉप-इन केलं.’ ताईंनी ‘ऑफशोअर’च्या जागी ‘समुद्रावरचा वारा’ केलं आणि ‘ड्रॉप-इन’च्या जागी ‘अंगावर उडी मारली’, तर मुलगी म्हणाली दोन्ही चूक. मग बरोबर काय, आणि मुळात या शब्दांना मराठी आहे का?

ताई, मुलगी बरोबर आहे. आणि मराठी आहे, निदान अर्ध्या शब्दांना तर पक्कं आहे, आपणच ते भूगोलाच्या पुस्तकात ठेवून आलो.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं, सासर मांद्रे, आणि माझा मुलगा दोन वर्षं झाली आश्वेलाच सर्फिंग करतो, त्यामुळे हे सगळे शब्द माझ्या घरात रोज जेवताना ऐकू येतात. आधी वाऱ्याचं बघू, कारण घोटाळा तिथेच होतो. ‘ऑफशोअर’ ऐकलं की आपल्याला ऑफशोअर कॅसिनो आठवतो, मांडवीत नांगरलेला, म्हणजे किनाऱ्यापासून आत पाण्यात असलेला. ते जागेबद्दल झालं. वाऱ्याच्या बाबतीत मात्र तो शब्द दिशा सांगतो, किनाऱ्याकडून निघून समुद्राकडे जाणारा वारा. म्हणजे ‘समुद्रावरचा वारा’ केलं की अर्थ बरोब्बर उलटा होतो, कारण आपण समुद्रावरचा म्हणतो तेव्हा समुद्रावरून येणारा असाच घेतो.

आता आठवा, शाळेत शिकलो होतो ‘खारे वारे’ आणि ‘मतलई वारे’. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो, तो खारा. रात्री जमीन लवकर गार होते, समुद्र त्या मानाने उबदार राहतो, मग वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो, तो मतलई, आणि सकाळी ऊन चढेपर्यंत टिकतो. सर्फिंगवाल्यांचं ऑफशोअर-ऑनशोअर गोव्यात हिवाळ्यात बहुतेक दिवस म्हणजे हेच, ऑफशोअर तो मतलई आणि ऑनशोअर तो खारा. म्हणून तर ही मुलं सहाला उठून पळतात (एरवी आठदा हाक मारावी लागते). फरक एवढाच की ऑफशोअर हे नुसतं दिशेचं नाव आहे, एखाद्या दिवशी दुपारीही जमिनीकडून वारा असला तरी ते ऑफशोअरच म्हणतील आणि त्याला मतलई म्हणणं चुकीचं होईल, तेव्हा ‘जमिनीकडचा वारा’ म्हणा. पण सकाळच्या लेखात ‘मतलई’ अगदी चपखल बसतो आणि शब्दही किती देखणा आहे.

हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. मागच्या जानेवारीत मी मुलाबरोबर गेले होते, वाळूत बसले होते, पाठीवर गार वारा आणि माडांमागच्या कुणाच्या तरी चुलीच्या धुराचा वास, म्हणजे वारा गावातून येत होता. समोर लाट उभी राहिली की तिच्या कडेवरून बारीक तुषार मागे समुद्राकडे उडत होते, घोड्याच्या आयाळीसारखे, आणि लाटेचा पुढचा भाग काचेसारखा सपाट. वारा समोरून रेटत असल्यामुळे लाट लगेच कोसळत नाही, थोडी जास्त वेळ उभी राहते, त्यालाच ही मुलं क्लीन म्हणतात, वारा अगदीच नसला तर ग्लासी. साडेदहाच्या सुमाराला शेजारी जाळं नीट करत बसलेले एक रापणकार (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याने, म्हणजे रापणीने, मासे धरणारे) काका मान वर न करता म्हणाले, ‘आता वारो फिरतलो.’ आणि खरंच थोड्या वेळात माझ्या तोंडावर खारा वारा यायला लागला, लाटा मागून ढकलल्यासारख्या मधेच कुठेही ढासळायला लागल्या. मुलगा बाहेर येऊन म्हणाला, ‘मशी झालं.’ काकांनी आणि त्याने एकच गोष्ट सांगितली होती, एकाने आधी आणि एकाने नंतर.

‘मशी’ला मी ‘विस्कटल्या’ म्हणेन. केस विस्कटतात, घडी विस्कटते, तशा लाटा विस्कटतात.

आता लाटेकडे. इंग्रजीत लाट ‘ब्रेक’ होते आणि मराठीतही लाट ‘फुटते’, कुणी भाषांतर केलं नाही, किनाऱ्यावर राहणाऱ्या दोन्ही माणसांना तेच दिसलं. ‘सर्फ’ म्हणजे मुळात हेच, किनाऱ्याजवळ फुटणारं फेसाळ पाणी. म्हणून ‘बीच ब्रेक’ वाचून गाडीचा ब्रेक डोक्यात आणू नका, वाळूच्या तळावर लाट फुटते ती जागा म्हणजे बीच ब्रेक, खडकाळ किंवा प्रवाळाच्या तळावर फुटली तर रीफ ब्रेक, आणि डोंगराचं टोक समुद्रात घुसलेलं असतं त्याच्या कडेकडेने फुटत गेली तर पॉइंट ब्रेक. लाट फुटते कारण खाली पाणी उथळ होतं, ढोबळ हिशेब असा की लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट ते दीडपट खोली उरली की ती कोसळते. वाळू दर पावसाळ्यात इकडची तिकडे जाते, त्यामुळे आश्वेला मागच्या वर्षी जिथे चांगली लाट फुटायची तिथे यंदा फुटेलच असं नाही.

सगळी लाट एकदम भिंत पडल्यासारखी पडली तर ‘क्लोजआउट’, तिच्यावर काही करता येत नाही. एका टोकाकडून क्रमाने फुटत गेली तर ती हवी असते, आणि इथे ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ येतात. यात भाषांतर करणारे हमखास फसतात. लाट लेफ्ट की राइट हे सर्फरच्या बाजूने ठरतं, त्याचं तोंड किनाऱ्याकडे असतं, म्हणजे वाळूत बसलेल्या आपल्याला ‘लेफ्ट’ उजवीकडे जाताना दिसते. हे विचित्र वाटत असेल तर तिळारी धरणाचा डावा कालवा आणि उजवा कालवा आठवा, पेडण्यात लहान मुलांनाही ते शब्द माहीत आहेत, आणि तिथेही डावं-उजवं आपण कुठे उभे आहोत त्यावरून नाही, पाणी जातं त्या दिशेला तोंड करून ठरतं. लाटेचंही तेच, पाण्याबरोबर जाणाऱ्याची डावी. लेखात ‘डावी लाट’ असं लिहायला काहीच हरकत नाही, फक्त पहिल्यांदा लिहिताना हे एका वाक्यात सांगावं.

‘ड्रॉप-इन’. ताई, यात ड्रॉप आहे म्हणून तुम्ही उडी म्हणालात ते समजू शकते. लाटेच्या उतारावरून खाली येणं म्हणजे ड्रॉप. पण नियम असा की लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्या जागेच्या जो सर्वात जवळ, लाट त्याची. तो उठून निघालेला असताना दुसऱ्याने पुढे त्याच्या वाटेत उठणं म्हणजे ड्रॉप-इन. मराठीत याला ‘आडवा आला’ किंवा ‘मधे घुसला’. एसटीच्या रांगेत घुसतात तसं, आणि तितकाच राग येतो. फक्त इथे रागाचं कारण जास्त मोठं आहे कारण बोर्ड एकमेकांवर आदळतात, माझ्या मुलाच्या हनुवटीवर तीन टाके आहेत ते असेच. याचाच चुलतभाऊ ‘स्नेकिंग’, म्हणजे पाण्यात थांबलेल्याला वळसा घालून गुपचूप लाट फुटते त्या बाजूला जायचं आणि मग नियमाने लाट माझीच म्हणायचं.

‘लाटेवर स्वार होणे’ मात्र लेखात नको. हा वाक्प्रचार निवडणुकीच्या बातम्यांनी पुरता घेऊन टाकलाय, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बोर्ड येत नाही, उमेदवार येतो. ‘तरंगारोहण’ वगैरे कुणी सुचवेल, तेही नको, ते कुणाच्या तोंडात येणार नाही. हवाईच्या भाषेत या खेळाला ‘हे-ए नालू’ म्हणतात, नालू म्हणजे लाट आणि हे-ए म्हणजे घसरणं. हा खेळ त्यांचाच, कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या लोकांनी १७७८-७९ मध्ये हवाईत तो बघून लिहून ठेवला. पुढे १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलेल्या हवाईच्या ड्यूक कहानामोकूने गावोगाव प्रात्यक्षिकं करून तो जगभर नेला. आणि त्या मूळ शब्दात स्वारी नाहीये, लाटेला जिंकणं नाहीये, घसरगुंडी आहे! मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. लेखाला नाव हवं असेल तर मुलीला ‘लाटेची घसरगुंडी’ सुचवून बघा.

क्रियापदांचं विचाराल तर पोरांनी आपण होऊन सगळं मराठी-कोकणीच ठेवलंय. नाम इंग्रजी, क्रियापद आपलं. पॉपअप (झटकन बोर्डवर उभं राहणं) ‘मारतात’, वाइपआउट (बोर्डवरून पडणं) ‘होतो’, बोर्डाचं नाक ‘बुडतं’, सेट ‘येतो’. लाट ‘पकडली’ असं नवीन मुलं म्हणतात, ते इंग्रजीतून आलंय पण मराठीत बस पकडतो तसं खपून जातं. जरा मुरलेली मुलं ‘लाट घेतली’ म्हणतात आणि मला ते जास्त आवडतं, वळण घेतलं, झोका घेतला, तसं. आणि ‘आज चार मिळाल्या’ म्हणतात तेव्हा तर रापणीवरून आल्यासारखं वाटतं. सेट म्हणजे मोठ्या लाटांचा घोळका, लाटा एकसारख्या येत नाहीत, काही मोठ्या लागोपाठ आणि मग मधे शांत. त्या शांत वेळेला ‘लल’ म्हणतात, त्याला ‘उसंत’ हा शब्द तयारच आहे. होडी पाण्यात लोटणारे लोकही हीच उसंत बघून लोटतात.

दोन शब्दांबद्दल मात्र मी हट्टाने सांगेन. एक, ‘स्वेल’ म्हणजे उधाण नव्हे. उधाण हे भरतीचं, अमावास्या-पौर्णिमेचं, आणि अष्टमीच्या आसपासची कमी भरती-ओहोटी म्हणजे भांग. माझी आई आजही पंचांग बघून ‘आज भांग, सुकती काही मोठी नाही’ म्हणते, सुकती म्हणजे ओहोटी. स्वेल म्हणजे कुठल्या तरी लांबच्या वादळात तयार होऊन, कधी कधी पार दक्षिण हिंदी महासागरातून, काही दिवसांचा प्रवास करून आलेल्या लाटा, म्हणूनच इथे पानही हलत नसताना समुद्र मोठा असू शकतो. ‘दुरून आलेल्या लाटा’ म्हणावं, किंवा स्वेलच ठेवावं.

दुसरा ‘रिप करंट’. एका किनाऱ्यावरच्या फलकावर मी याचं मराठी ‘भोवरा’ असं वाचलं आणि मला खरंच भीती वाटली. भोवरा गोल फिरवून खाली ओढतो असं आपण समजतो. रिप खाली ओढत नाही, किनाऱ्यावर चढलेलं पाणी एखाद्या खोलगट वाटेने परत समुद्रात जातं, ते माणसाला आडवं किनाऱ्यापासून लांब नेतं. भोवरा वाचलेला माणूस वर राहण्यासाठी जिवाच्या आकांताने हातपाय मारून दमतो, खरं तर अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या वाटेच्या बाहेर यायचं. आपल्याकडे याला साधा शब्द आहे, ‘ओढ’. ‘आज पाण्याला ओढ आहे’ हे ऐकून किनाऱ्यावरचं पोरही मागे फिरतं. फलकावर ‘समुद्राकडे नेणारी ओढ’ एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं.

बाकीचे भराभर. डावा पाय पुढे ठेवणारा ‘रेग्युलर’, उजवा ठेवणारा ‘गूफी’, यात बरं-वाईट काही नाही, डावखुऱ्यासारखं आहे. नवखा आणि वर शिस्त न पाळणारा तो ‘कूक’, हा अपमान आहे, लेखात कुणाला म्हणू नये. छोटी सर्फर पोरं ‘ग्रॉम’. ‘स्टोक्ड’ म्हणजे आनंदाने पेटलेला. स्टोक म्हणजे भट्टीत कोळसा सारून जाळ वाढवणं, आणि आपणही ‘आज तो पेटलाय’ म्हणतोच. मोठी लाट अंगावर आली की बोर्ड घट्ट धरून उलटं व्हायचं आणि ती वरून जाऊ द्यायची, तो ‘टर्टल रोल’, मोरजीला जिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात तिथली मुलं त्याला सरळ ‘कासव केलं’ म्हणतात. आणि घोट्याला बांधायची ती ‘लीश’, मुलं तिला दोरी म्हणतात आणि तेच ठीक आहे. तरी सांगते, घोड्याच्या पायाला बांधायच्या दोरीला मराठीत ‘पायबंद’ म्हणत, आज आपण तो फक्त ‘आळा’ या अर्थाने वापरतो, पण पायाला बांधलेली खरीखुरी दोरी बघितली की मला तो शब्द परत वापरावासा वाटतो.

तर ताई, मुलीचं वाक्य मी असं करीन, तिला विचारून: ‘सकाळी मतलई वारा होता म्हणून लाटा काचेसारख्या उभ्या राहत होत्या, दहानंतर खारा वारा सुटला आणि सगळ्या विस्कटल्या, त्यात मी लाट घेतली तर एकजण आडवा आला.’ आणि तिला ऑफशोअर ठेवायचंच असेल तर ठेवू द्या, एकदा मतलईच्या शेजारी लिहिलं की पुढे दोन्ही चालतील.