अंगावर काढू नका: पाळी जातानाचे प्रश्न

पाळी जाण्याच्या वयातल्या तक्रारींविषयी आलेल्या पत्रांना स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ एकत्र उत्तरं देत आहेत. पत्रं थोडक्यात दिली आहेत, नावं छापलेली नाहीत.

वय ४७, शिक्षिका. शेवटची पाळी चार महिन्यांपूर्वी आली. फळ्यावर लिहिता लिहिता छातीपासून डोक्यापर्यंत गरम वाफा उठतात, घामाने ब्लाऊज भिजतो. रात्री दोनदा उठून गाऊन बदलावा लागतो. लॅबमध्ये हार्मोन्सचं पॅकेज घ्या म्हणतात. घेऊ का? (सातारा)

ताई, पॅकेज नको. ४५च्या पुढे अशी लक्षणं असतील तर एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं हार्मोन) तपासून नवीन काही कळत नाही. या काळात ते आज वाढलेलं दिसतं आणि पंधरा दिवसांनी पुन्हा नेहमीसारखं येतं. ४०च्या आत पाळी थांबली तर मात्र ही तपासणी हवीच, तीही चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोनदा. तुम्ही टीएसएच (थायरॉइड), हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब एवढंच बघून घ्या. थायरॉइड वाढला तरी असाच घाम फुटतो आणि छाती धडधडते.

सलग १२ महिने पाळी आली नाही, तरच ती गेली असं म्हणायचं. अकराव्या महिन्यात आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७व्या वर्षी जाते, पण त्याआधी काही वर्षं हा गोंधळ चालतो. म्हणून स्वयंपाकघरातल्या ज्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिता, तिथेच पाळीच्या दिवशी लाल ठिपका द्या. शेजारी किती पॅड लागले आणि गाठी पडल्या का, तेही लिहा. दवाखान्यात जाताना ती पानं सोबत न्या. "मध्ये कधीतरी आली होती" यावर उपचार ठरवता येत नाहीत, तारखेवर ठरवता येतात.

आता वाफांविषयी. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारं एक केंद्र असतं. इस्ट्रोजेन (अंडाशयातून येणारं स्त्री-हार्मोन) कमी झालं की हे केंद्र फार हळवं होतं. तापमान किंचित वर गेलं तरी अंग तापलंय असं समजून ते कातडीखालच्या रक्तवाहिन्या उघडतं आणि घाम आणतं. घाम वाळला की हुडहुडी भरते. एक वाफ एक ते पाच मिनिटं टिकते. त्रास सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत पुष्कळ जणींची सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे "होईल आपोआप बरं" म्हणून बसून राहणं परवडत नाही.

वाफ आली की त्याच दिनदर्शिकेवर वेळ टिपा आणि आधी काय झालं होतं तेही. दोन आठवड्यांत आपापलं कारण सापडतं: कुणाला उकळता चहा, कुणाला झणझणीत रस्सा, कुणाला बंद खोली. रात्री जाड रजईऐवजी दोन पातळ सुती चादरी घ्या, म्हणजे वरची पायाने सारता येते. वजन जास्त असेल तर ते पाच-सहा किलो उतरल्यावर वाफाही कमी होतात.

एवढं करूनही झोप मोडत असेल तर औषध मागायला संकोच करू नका. हार्मोन्सविषयी पुढे लिहिलं आहे. ती नको असतील तर व्हेन्लाफॅक्सिन किंवा रात्री गॅबापेंटिन डॉक्टर कमी मात्रेत देतात. चिठ्ठीवर मानसिक आजाराचं किंवा फिटचं औषध दिसलं म्हणून घाबरून ते बंद करू नका. वाफांवर ती चालतात हे तपासलेलं आहे. व्हेन्लाफॅक्सिन मात्र एकदम सोडायचं नाही, त्याने चक्कर येते आणि जीव घाबरा होतो. डॉक्टरांना विचारून मात्रा हळूहळू उतरवायची.

आणि एक. रात्रीचा घाम पाळीचाच, असं धरून चालू नका. संध्याकाळी बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला, काही न करता उतरणारं वजन यातलं काही सोबत असेल तर आधी क्षयाची तपासणी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

वय ५२. पाळी जाऊन अडीच वर्षं झाली. गेल्या महिन्यात दोन दिवस थोडं अंगावरून गेलं. सासूबाई म्हणतात, जाता जाता एकदा येतेच. (नाशिक)

सासूबाईंचं इथे ऐकू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर गेलेला एक डागसुद्धा तपासायचाच, याच आठवड्यात. बऱ्याचदा कारण साधं निघतं, उदाहरणार्थ योनीची त्वचा पातळ झालेली असते किंवा मस्सा असतो. पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही आपली पहिली खूण अशीच देतो, आणि त्या टप्प्यावर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो.

योनीमार्गातून सोनोग्राफी करून घ्या. अस्तराची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर अस्तराचा तुकडा तपासतात. बारीक नळीने तो ओपीडीत काढता येतो. पाळीच्या दिवसांसारखी कळ येते, काही मिनिटांत संपते. जाडी कमी असली पण पुन्हा डाग दिसला, तर पुन्हा जा. सोबत गर्भाशयमुखाची पॅप तपासणीही करून घ्या. डाग थांबला म्हणून अपॉइंटमेंट रद्द करू नका.

वय ५०, वाफांनी हैराण. डॉक्टरांनी हार्मोन्स सुचवली, पण त्याने कॅन्सर होतो ना? (ठाणे)

ही भीती बहुतेक २००२ सालच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासापासून पसरली. त्यातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं आणि गोळ्याही जुन्या प्रकारच्या होत्या. त्यातही इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचं हार्मोन अशी दोन्ही घेणाऱ्यांत स्तनाच्या कर्करोगाचे रुग्ण वर्षाला दर १० हजार स्त्रियांमागे ८ने जास्त होते. धोका शून्य नाही, पण ऐकिवात आहे तेवढाही नाही. वय ६०च्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं झालेली नसतील आणि त्रास खरोखर जास्त असेल, तर बहुतेकींसाठी फायद्याचं पारडं जड असतं. वाफांवर याहून चांगलं औषध आज नाही. हाडांनाही आधार मिळतो.

स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा मोठा आजार असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव चालू असेल, तर ही औषधं टाळतात. सुरू करण्याआधी रक्तदाब, स्तनांची तपासणी आणि मॅमोग्राफी करून घ्या.

गर्भाशय जागेवर असेल तर इस्ट्रोजेन एकटं कधीच घ्यायचं नाही. एकट्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढत जातं. म्हणून जोडीला प्रोजेस्टेरॉन: रोज रात्री १०० मिलिग्रॅम किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम. त्याने गुंगी येते, म्हणून ते झोपतानाच घ्यायचं. इथेच गडबड होते. "इस्ट्रोजेनच्या जेलने बरं वाटतंय, प्रोजेस्टेरॉनची गोळी कशाला" म्हणून गोळी सोडली जाते आणि वर्षभराने रक्तस्राव घेऊन बाई येते.

इस्ट्रोजेन जेल किंवा पॅचमधून घेतलं तर रक्ताच्या गाठीचा धोका गोळीपेक्षा कमी. जेल दंडावर किंवा मांडीवर लावा, स्तनांवर नाही. चोळून जिरवू नका, पातळ पसरा, पाच मिनिटं वाळू द्या, हात साबणाने धुवा. तासभर ती जागा पाण्याखाली नको आणि नातवंडाला तिथे लागू देऊ नका. फरक कळायला चार ते सहा आठवडे लागतात. आठव्या दिवशी "लागू पडत नाही" म्हणून थांबू नका. दरवर्षी एकदा डॉक्टरांशी बसून चालू ठेवायचं की कमी करायचं ते ठरवा.

वय ५४. संबंधाच्या वेळी आग होते, नंतर दोन दिवस लघवीला जळजळ. यावर्षी तीनदा अँटिबायोटिक झालं. हे कुणाला सांगावं कळत नाही. (रत्नागिरी)

ताई, इथे लिहिलंत हे फार बरं केलंत. वाफा काही वर्षांनी ओसरतात, पण हा कोरडेपणा आपोआप जात नाही, वाढत जातो. इस्ट्रोजेन नसलं की योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिथले चांगले जंतू कमी होतात, आणि लघवीच्या जागी संसर्ग पुन्हा पुन्हा होतो. मुळावर उपाय झाला की अँटिबायोटिकच्या फेऱ्याही कमी होतात. पुढच्या वेळी मात्र आधी लघवीचं कल्चर (कोणता जंतू आहे ते बघणारी तपासणी) करा, मग गोळी.

उपाय म्हणजे योनीत लावायचं इस्ट्रिऑल क्रीम. नळीत अर्धा ग्रॅम भरायचं (नळीवर खूण असते), उताणं झोपून गुडघे दुमडून हलकेच आत सोडायचं आणि तसंच झोपायचं. पहिले दोन-तीन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. नळी कोमट साबणपाण्याने धुवा, उकळू नका, प्लास्टिक वाकतं. पुरता फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. बरं वाटल्यावर बंद केलं तर त्रास परत येतो. यातलं औषध रक्तात फारच थोडं उतरतं, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी त्या डॉक्टरांना विचारा.

संबंधाच्या वेळी पाण्याचा अंश असलेलं ल्युब्रिकंट वापरा. खोबरेल तेल चालतं, पण निरोधसोबत नाही, तेलाने रबर फाटतं. साबण, जंतुनाशक, सुवासिक वॉश आत नेऊ नका. खाज खूप असेल किंवा कातडीवर पांढरे चट्टे दिसत असतील तर नुसतं क्रीम आणून लावू नका, डॉक्टरांना दाखवा आणि साखरही तपासा.

वय ३६, ऊसतोडीला जाते. पांढरं जायचं म्हणून २९व्या वर्षी पिशवी काढली. तेव्हापासून अंगाची आग, झोप नाही, कंबर धरते. (बीड)

ताई, पांढरं जाणं हे पिशवी काढायचं कारण नव्हे. बहुतेक वेळा तो संसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. तरी असं किती जणींच्या बाबतीत झालं! २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली.

तुमच्या हातात आता महत्त्वाचा कागद म्हणजे डिस्चार्ज कार्ड. ते घेऊन आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. त्यावर "बीएसओ" असं लिहिलंय का ते बघायला सांगा. असेल तर दोन्ही अंडाशयंही काढली आहेत, म्हणजे तुमची पाळी २९व्या वर्षीच गेली. मग इस्ट्रोजेन हा तुमच्यासाठी ऐच्छिक उपाय राहत नाही. दुसरी काही अडचण नसेल तर पाळी एरवी ज्या वयात गेली असती तोवर, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत, ते घ्यायला हवं, नाहीतर हाडं आणि हृदय लवकर झिजतात. पिशवी नसल्याने बहुधा प्रोजेस्टेरॉन लागत नाही. हाडांची डेक्सा तपासणी (घनता मोजणारा एक्स-रे) जिल्हा रुग्णालयात विचारा.

"बीएसओ" नसेल तर अंडाशयं आहेत, पण पिशवी काढल्यावर तीही काही वर्षं आधी थकू शकतात. तुम्हाला पाळीच येत नसल्याने ते कळायला एफएसएच लागेल. कार्ड हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथे नोंद मागा, आणि सोनोग्राफीत अंडाशयं दिसतात का तेही बघा.

शिबिरात टाचेला यंत्र लावून "हाडं ठिसूळ" म्हणाले, कॅल्शियमचे तीन डबे दिले. वय ५५. (मडगाव)

टाचेच्या यंत्रावर हे निदान होत नाही. कंबर आणि खुब्याची डेक्सा करा. तिच्या अहवालातला टी-स्कोअर (हाडांच्या घनतेचा आकडा) उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर हाडं ठिसूळ, आणि मग फक्त कॅल्शियम पुरत नाही, वेगळं औषध लागतं.

पाळी गेल्यावर दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. दोन कप दूध किंवा दही (४०० मिली) म्हणजे साधारण ४८०. ५० ग्रॅम नाचणीची भाकरी १७५च्या आसपास. मोठा चमचाभर न सोललेले तीळ शंभरावर. काट्यासकट खाता येणारी छोटी मासळी तुमच्याकडे मिळते, तिचा फार उपयोग. उरलेलं डाळ-पालेभाजीतून आलं नाही तर ५०० मिलिग्रॅमची एक गोळी, जेवणाबरोबर. लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत दोन तास ठेवा आणि लोहाच्या आगेमागे चहा नको. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, दाणे, दूध घ्या. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्यातून एक, आठ आठवडे, मग सांगितल्यास महिन्यातून एक. ती रोजची समजून घेतली जाते, तेव्हा रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी लघवी सुरू होते.

चालणं चांगलं, पण एकटं अपुरं. ओट्याला धरून टाचा उचला १५ वेळा, खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा १० वेळा, दोन फेऱ्या, एक दिवसाआड. मिश्री लावत असाल तर ती आजच सोडा.

बायको ४९ वर्षांची. क्षुल्लक कारणावरून चिडते, रडते. काय करू? (सोलापूर)

दादा, आधी तिच्या झोपेची चौकशी करा. रात्री घामाने चारदा उठणारं माणूस दिवसा चिडणारच. सकाळचा डबा आणि पाणी भरणं तुम्ही उचललंत तर तिला तासभर झोप मिळेल. दवाखान्यात सोबत जा. दोन आठवड्यांहून जास्त रोज उदास असेल, कशात मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. मरणाची भाषा करत असेल तर एकटीला ठेवू नका, लगेच दवाखान्यात न्या. १४४१६ या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

वय ४८, सात महिने पाळी नाही. कॉपर-टी काढून टाकू? (अकोला)

इतक्यात नको. मधूनच बीज सुटतं आणि दिवस राहू शकतात. सात महिन्यांत एकदाही तपासलं नसेल तर आधी लघवीची गर्भ तपासणी करा. पन्नाशीच्या आत पाळी गेली तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर गेली तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवायचं. चाळिशीनंतर बसवलेली कॉपर-टी तोपर्यंत चालते. त्याआधी बसवली असेल तर तिची मुदत कार्डावर बघा. मुदत संपली की ती आठवणीने काढून घ्या. आत विसरून राहिली तर संसर्ग होऊ शकतो. दोरा सापडत नसेल तर सोनोग्राफी करून ती कुठे आहे ते बघतात.